बोर्डावर नसलेलं नाव

गेल्या सप्टेंबरात मला ताप आला. क्रॉस कंट्रीच्या सरावासाठी आम्ही रोज पहाटे शाळेमागच्या डोंगरउतारावरून पळत होतो. हिमाचलातला पावसाळा संपत आला होता आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलं होतं. पहिले दोन दिवस मी ताप कोणाला सांगितला नाही. फायनल आठवड्यावर आली होती आणि या वर्षी काहीही झालं तरी मला पहिलं यायचं होतं. आमच्या असेंब्ली हॉलमध्ये लाकडी ऑनर बोर्ड आहे. त्यावर दर वर्षीच्या विजेत्याचं नाव सोनेरी अक्षरांत लिहितात. सहावीत आलो तेव्हापासून त्या यादीखालची रिकामी जागा मी बघत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी ड्रिलच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. एमआय रूममधून मला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये हलवलं. मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, दोन्हीत काही निघालं नाही. ताप मात्र १०३ च्या खाली येईना. पाचव्या दिवशी मेजर डॉक्टर मॅडमनी मला शर्ट काढायला लावला आणि काखेजवळचा एक काळा डाग दाखवला. विडीचा चटका बसावा तसा तो होता. दुखत नसल्यामुळे माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्याची अळी तिथे चावली होती. आजाराचं नाव स्क्रब टायफस. मॅडमनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, सकाळी एक कॅप्सूल आणि रात्री एक. दोन दिवसांत ताप उतरला.

त्या संध्याकाळी आईचा गावाहून फोन आला. तिच्यामागून आजोबांनी फोन घेतला आणि आजाराचं नाव पुन्हा पुन्हा विचारलं. आमच्या साताऱ्याकडच्या घरात ओटीवर एक जुना फोटो आहे. पणजोबांचे थोरले भाऊ, खाकी वर्दीत. ते १९४४ मध्ये बर्माच्या आघाडीवर गेले ते परत आलेच नाहीत. गोळी लागून नव्हे, तापाने गेले, एवढंच घरात सांगतात. मी मॅडमना हे सांगितलं. कोणता ताप ते आता कोणीच सांगू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण त्या आघाडीच्या जंगलात स्क्रब टायफसने दोन्ही बाजूंचे पुष्कळ सैनिक दगावले होते आणि त्या वेळी त्यावर खात्रीचं औषधच नव्हतं. मला दिलेल्या कॅप्सूलच्या घराण्यातलं पहिलं औषध जगापुढे आलं ते १९४८ मध्ये. मधलं अंतर चार वर्षांचं.

ते औषध कोणी शोधलं, हा माझा पुढचा प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या की ते मातीतल्या एका जंतूने बनवलं, एका म्हाताऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखलं आणि ज्या माणसाने हा सगळा शोध उभा केला त्याचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव. बाकीचं माझं मी वाचावं, असंही त्यांनी सांगितलं. मी वाचलं. तेच इथे लिहितो आहे.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातल्या भीमावरम इथे झाला. वडील सतत आजारी, घरात माणसं बरीच आणि पैशांची कायम ओढाताण. अभ्यासात त्यांचं मन लागत नसे. तेरा वर्षांचे असताना एका भावाबरोबर ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा बेत होता. आई वेंकम्मा यांनी त्यांना परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. तरीही मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेला पास. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, कारण ताप उतरला त्याच आठवड्यात माझा गणिताचा पेपर हातात आला होता आणि त्यातले गुण मी इथे लिहिणार नाही.

पुढे मद्रासला शिकताना ते रामकृष्ण मिशनकडे ओढले गेले. संन्यास घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण आईने परवानगी दिली नाही. मग माणसांची सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करू, म्हणून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. ते असहकाराच्या चळवळीचे दिवस होते. गांधीजींचं ऐकून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा पोशाख घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते खपलं नाही. लेखी परीक्षेत चांगलं यश मिळूनही त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही खालची पदवी घेऊन बाहेर पडावं लागलं. सरकारी वैद्यकीय सेवेचा दरवाजा बंद झाला. ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

याच काळात त्यांच्या घरावर मोठा घाला पडला. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. दोघांनाही स्प्रू नावाचा आजार झाला होता. त्यात खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत आणि रक्त आटत जातं. डॉक्टर असून सुब्बाराव काही करू शकले नाहीत, कारण करण्यासारखं कोणाच्याच हातात काही नव्हतं. इथून पुढे ज्या आजारांवर औषध नाही त्यांच्या मागे लागायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

त्यासाठी ते अमेरिकेत, बोस्टनला गेले. खिशात पैसे फार नव्हते. हार्वर्ड विद्यापीठात दिवसा अभ्यास आणि रात्री एका रुग्णालयात रुग्णांची भांडी साफ करण्याचं काम. इंग्रजांच्या हिंदुस्थानात ज्याला धड पदवी मिळाली नाही, तो डॉक्टर तिथे बेडपॅन धुवत होता. पण १९२५ मध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली. ती फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पोचली. त्याच वाटेने त्यांना स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि १९२९ मध्ये एटीपी. एटीपी म्हणजे आपल्या पेशींचं रोजचं चलन. क्रॉस कंट्रीत शेवटच्या चढावर मांड्या पेटतात तेव्हा स्नायू ज्यावर चालतात ते हेच. आमच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एटीपीची चौकट आहे. ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण तिच्यामागे भीमावरमचा एक मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं.

एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या सगळ्या संशोधनाचे प्रमुख झाले. इथे त्यांनी जे केलं ते मला एखाद्या मोहिमेसारखं वाटतं. एकाच वेळी अनेक आघाड्या. एक तुकडी फोलिक ॲसिडच्या मागे होती. १९४५ मध्ये ते जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झालं आणि स्प्रूच्या रुग्णांना त्याने गुण आला, म्हणजे भावांच्या आजाराला उत्तर मिळालं. दुसऱ्या तुकडीने ॲमिनोप्टेरिन बनवलं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना दिलं आणि त्या रोगाने पहिल्यांदाच, काही काळापुरती का होईना, माघार घेतली. तिसरी तुकडी हत्तीरोगाच्या मागे होती. पॅसिफिकच्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना त्याच्या जंतांची लागण होत होती. त्यातून १९४७ मध्ये हेट्राझॅन हे औषध आलं. आपल्याकडे हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत डीईसी नावाच्या गोळ्या वाटतात, त्या याच औषधाच्या.

चौथी आघाडी मातीची होती. माझा जीव वाचला तो तिच्यामुळे.

तोपर्यंत पेनिसिलिन आलं होतं. १९४३ मध्ये अमेरिकेतच रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं. पण बरेच रोग या दोघांनाही दाद देत नव्हते आणि टायफसच्या जातीचे ताप त्यांतलेच. सुब्बारावांनी नवं काही शोधायचं ठरवलं आणि त्यासाठी माणूस निवडला तो बेंजामिन डग्गर. डग्गर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जन्म १८७२ चा. वयामुळे विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं होतं. सत्तरी उलटलेल्या या माणसाला १९४४ मध्ये लेडर्लेत आणून मातीतले जंतू तपासण्याचं काम दिलं गेलं. बुरशी आणि जंतू ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या वयाकडे कशाला बघायचं, असा हा हिशेब असावा.

काम कसं चालतं ते सांगतो. मातीत एका चमच्यात कोट्यवधी जंतू असतात. जागा थोडी, अन्न थोडं, त्यामुळे एकमेकांना रोखण्यासाठी त्यातले काही जण निरनिराळी रसायनं सोडतात. शोधायची ती ही रसायनं. माती पाण्यात ढवळायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं आणि अगरच्या बशीवर पसरायचं. काही दिवसांनी बशीवर ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एका जातीची वसाहत. ती वेगळी काढून वाढवायची आणि तिच्या शेजारी रोगजंतू लावायचे. वसाहतीभोवती रोगजंतू वाढले नाहीत आणि मोकळी जागा राहिली, तर तिथे काहीतरी आहे असं समजायचं. मग तोच जंतू मोठ्या भांड्यात वाढवायचा, रसायन गाळून शुद्ध करायचं आणि उंदरांना देऊन बघायचं. बहुतेक वेळा इथेच सगळं संपतं. रसायन फारच कमजोर निघतं, नाहीतर उंदीरच मरतो, नाहीतर आधी कोणाला तरी सापडलेलंच पुन्हा सापडलेलं असतं. डग्गर यांनी देशभरच्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहून मातीच्या पुड्या मागवल्या. हजारो जंतू तपासून झाले. बहुतेकांपुढे लिहायचं एकच, काही नाही.

एक पुडी मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या शेतातून आली. विल्यम अल्ब्रेख्ट या मृदाशास्त्रज्ञाने ती १९४५ मध्ये पाठवली होती. हे शेत १८८८ पासून प्रयोगांसाठी राखलेलं. त्यातल्या २३ नंबरच्या वाफ्यात टिमोथी नावाचं चाऱ्याचं गवत होतं आणि त्याला कधीच खत घातलेलं नव्हतं. इतक्या गरीब मातीतला एक जंतू बशीवर सोन्यासारखा पिवळा उगवला. नोंदीत त्याचा नंबर ए-३७७. स्ट्रेप्टोमायसीस कुळातला हा जंतू. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास याच कुळातल्या जंतूंमुळे येतो. आमच्या गावी मृगाच्या सरीनंतर जो वास अंगणात भरतो, तो मला तेव्हा आठवला. नव्या जंतूला स्ट्रेप्टोमायसीस ऑरिओफेशियन्स म्हणजे सोनं घडवणारा असं नाव मिळालं आणि त्याच्या औषधाला ऑरिओमायसिन.

हे औषध माणसांवर पहिल्यांदा वापरलं न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयातल्या डॉ. लुई राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. राइट कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक होते. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर असताना त्यांना विषारी वायूची बाधा झाली होती. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या अनेक रोगांवर ऑरिओमायसिन चाललं. टायफसच्या जातीच्या तापांवर चाललं. पुढे त्याच्या रेणूतला क्लोरीन काढून टेट्रासायक्लिन तयार झालं आणि १९६० च्या दशकात त्या घराण्यात डॉक्सिसायक्लिन आलं. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि आपल्या बीड जिल्ह्यातही तिची भीती होती, तेव्हा लोक औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मागत होते. आई तेव्हा शाळेत होती, तिला ते नाव अजून आठवतं.

आता नावांची गोष्ट. ऑरिओमायसिनची घोषणा न्यूयॉर्कमध्ये जुलै १९४८ मध्ये झाली. निबंधावर लेखक म्हणून एकच नाव होतं, डग्गर. सुब्बारावांनी स्वतःचं नाव घातलं नाही. फोलिक ॲसिड असो की ॲमिनोप्टेरिन, श्रेय सहकाऱ्यांकडे जाऊ द्यायचं आणि आपण मागे राहायचं, ही त्यांची रीतच होती. घोषणेनंतर महिनाही गेला नाही आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ते झोपेतच गेले. वय ५३. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. नोबेल मिळालं नाही. आपल्या देशाने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांचं टपाल तिकीट काढलं. लेडर्लेतल्या सहकाऱ्याने मात्र आधीच एका नव्या बुरशीला त्यांचं नाव देऊन ठेवलं होतं, सुब्बारोमायसीस.

सगळंच मला आवडलं असं नाही. अमेरिकेला जाताना त्यांनी पत्नी शेषगिरी यांना तीन वर्षांत परत येतो असं सांगितलं होतं. ते कधीच आले नाहीत. ते गेल्यावर मुलगा झाला आणि तो तान्हा असतानाच गेला. वडिलांनी त्याला पाहिलंही नाही. हा भाग मी वॉर्डात वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. बाबा पोस्टिंगवर असले की आई कॅलेंडरवर रेघा मारते, ते मला माहीत आहे. एवढ्या लोकांना बरं करणाऱ्या माणसाने घरी एवढं दुःख ठेवलं, याचा हिशेब मला जमत नाही. तो जमवून दाखवायचा प्रयत्न मी करणार नाही.

फायनल झाली तेव्हा मी वॉर्डातच होतो. माझ्याच हाउसचा मुलगा पहिला आला. परत आलो तेव्हा पेंटर शिडीवर चढून बोर्डावर त्याचं नाव लिहीत होता. खरं सांगायचं तर मी तिथे थांबलो नाही. थोडे दिवस गेल्यावर जाऊन त्याला हात मिळवला. त्याने मला सांगितलं की मी ड्रिलला खाली बसलो तेव्हा मला उचलून एमआय रूममध्ये नेणाऱ्या दोघांत तो होता. मला शुद्ध नव्हती, त्यामुळे मला माहीतच नव्हतं. त्यानेही तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, मॅडमनी मला एक गोष्ट बजावली होती, ती तुम्हालाही सांगतो. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत आणि डॉक्टरांनी दिल्याशिवाय घ्यायच्याही नाहीत. वाटेल तशा वापरामुळे जंतू या औषधांना सरावतात आणि आज पुष्कळ जंतू सरावले आहेत. म्हणून नव्या औषधांचा शोध अजून चालूच आहे. मातीतले बहुतेक जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. काही शास्त्रज्ञांनी त्यांना मातीतच पुरलेल्या बारीक कप्प्यांत वाढवलं आणि २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन नावाचं नवं रसायन जाहीर केलं. तेही अमेरिकेतल्या एका गवताळ शेताच्या मातीतून आलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी मला प्रयोगशाळेत रविवारी दोन तास दिले आहेत. बश्या झाकलेल्या असतात आणि सर समोर उभे असतात. पहिला नमुना क्रॉस कंट्रीच्या वाटेवरचा होता. आठव्या दिवशी बशीवर खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके उगवले आणि सरांनी झाकण क्षणभर किंचित उचललं तेव्हा पावसाचा वास आला. त्या ठिपक्यांशेजारी सरांनी दह्यातले जंतू लावून बघितले. ते मजेत वाढले. आतापर्यंत अकरा नमुने झाले, त्यातला एक आईने गावच्या परसातून पुडीत बांधून पाठवला होता. वहीत मी तारीख, जागा आणि निकाल असे तीन रकाने आखले आहेत. तिसऱ्या रकान्यात अकरा वेळा काही नाही असं लिहिलं आहे. बारावी पुडी उद्या आणायची आहे, मेसच्या मागच्या देवदाराखालून.